आरशानंतरचा आवाज

ता. ११ जानेवारी

ती. मावशीस,

किरकिरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला रोज तेल लावतेस असं आवर्जून लिहिलं आहेस, म्हणजे लावत नाहीस. इकडे सगळं खुशाल. माझ्या टेबलावर कवळ्यांची रांग दात काढून हसते आहे, आणि त्या वेळेत होत नाहीत म्हणून मालक दात-ओठ खात आहेत.

आईचा सिनेमा आज तिसऱ्यांदा पाहिला. कोपऱ्यावरच्या जुन्या थिएटरात दर रविवारी सकाळी लावतात. मार्चअखेर थिएटर पाडणार आहेत, तोवरच. तुझे जावई पहिल्या वेळी आले, मध्यंतरापर्यंत झोपले आणि नंतर मलाच गोष्ट विचारू लागले. मी काय सांगणार? राखाडी कोटातली एक बाई हरवलेल्या बहिणीला शोधत एका लॉजवर येते. खाली काउंटरच्या खिडकीतली मुलगी तिला किल्ली देते आणि विचारते की तुम्ही कालच आलात ना. मग जिने संपत नाहीत, खोल्या जागा बदलतात. मधोमध ती आरशासमोर उभी राहते, दिवे जातात, आणि दिवे येतात तेव्हा तिच्या अंगात पिवळा कोट असतो. तिथून पुढे सगळे तिला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारतात आणि ती ओ देते. शेवटी खाली दुसरी कुणी राखाडी कोटातली बाई येते. आपली बाई तिला पलंगावर निजवते आणि म्हणते, झोप आता, मी आहे इथे.

मला वाटतं, बहीण नव्हतीच कधी. दोघी एकच. दोघींचा आवाज एकच आहे ना, आईचा. मी रांगत होते तेव्हा ती गेली. घरात तिचे फोटो चिक्कार, आवाज मात्र कुठेच नाही. पडद्यावरचं तोंड दुसरीचं असलं तरी आवाज तिचा आहे म्हणून मी डोळे मिटून बसते. तू तर तिच्याबरोबर त्याच डबिंगच्या खोलीत काम करायचीस. खिडकीतली ती मुलगी कोण ते सांग. तिचा पातळ, जरा घाबरा आवाज डोक्यातून जात नाही. एकदा ये आणि बघ.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
किरकिरी

ता. २० जानेवारी

चि. किरकिरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. आपल्या घराण्याचा धंदाच दुसऱ्याच्या तोंडात. आई आणि मावशीने दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले, तू दात घालतेस. दोन्ही नीट बसले तर कुणाला कळत नाही आणि हलले तर सगळे हसतात.

त्या सिनेमाचा अर्थ शोधायच्या भानगडीत पडू नकोस. दिग्दर्शकांना आम्ही विचारलं होतं की ही बाई जिवंत आहे की मेलेली. ते म्हणाले, तुम्ही बोला, ती ठरवेल. आता अशा माणसापुढे काय बोलायचं? खिडकीतली मुलगी मला आठवत नाही. सिनेमा मी पाहिलेलाच नाही, आणि आता पाहायची हौसही नाही. गुडघे आहेतच सबबीला.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. जन्मभर आवाजावर पोट भरलं, आता शाई बरी वाटते. कामावर तोंडाला फडकं बांधत जा, ती भुकटी छातीत बसते.

आठवण येते. तू काढतेस की नाही ते कळवत जा.

तुझी,
मावशी

ता. २४ फेब्रुवारी

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मधल्या रविवारी मी सिनेमाच बघत होते. हे म्हणतात, माहेरी जातात तशी तू थिएटरात जातेस.

माझं आधीचं म्हणणं रद्द. आवाज एक नाही. आरशापर्यंतचा आवाज गोल आहे, भरलेला, ऐकत राहावं असा. पण मला काही होत नाही. परक्या बाईचं गाणं ऐकावं तसं वाटतं. आरशानंतर मात्र आवाज बदलतो. अगदी थोडा, एखादीने स्वतःचीच नक्कल करावी तेवढा. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, असं काही नाही. पण मला दुसऱ्याच्या दातांवरची केसाएवढी फट दिसते, हे मला ऐकू येणार नाही होय? तिथून पुढे माझ्या अंगावर काटा उभा राहतो, आणि शेवटचं वाक्य आलं की रडू आवरत नाही. दर वेळी. माझा जीव तो आवाज ओळखतो, मावशी. मला वाटतं, आरशाआधी आई नुसतं काम करते आहे आणि आरशानंतर ती खरंच बोलते आहे.

आता कामाचं. थिएटरच्या ऑपरेटरकाकांना मी सगळं सांगितलं. शेवटच्या खेळाला ते मला एक रीळ टेपवर भरून देणार आहेत. एकच, त्याहून जास्त जमणार नाही म्हणाले. मी शेवटचं सांगणार आहे. आईने मला झोप म्हणावं एवढंच मला हवं आहे. तुझी हरकत नाही ना?

माया आहे तशीच असू दे.

तुझी,
किरकिरी

ता. ३ मार्च

चि. किरकिरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शेवटचं रीळ घेऊ नकोस. पहिलं घे.

आरशापर्यंत तुझी आई आहे. आरशानंतर मी आहे. हे सांगायचं नाही असं मी कधी ठरवलं नव्हतं, कुणी विचारलं नाही इतकंच. अर्धा सिनेमा झाला आणि तिच्या घशातली गाठ वाढली. आवाज गेला तो गेलाच. दिग्दर्शक म्हणाले, दुसरी बाई चालेल पण आवाज हाच हवा. तुझ्या आईने माझ्याकडे बोट केलं. मग ती माझ्या शेजारी स्टुलावर बसायची आणि मी चुकले की माझं मनगट दाबायची. शेवटच्या रिळापर्यंत स्टूल रिकामं झालं होतं.

त्या दिवशी तुला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. तुझे बाबा फिरतीवर होते. तू काचेपलीकडे रेकॉर्डिस्टच्या मांडीवर बसून अशी किरकिर लावलीस की एकही टेक धड होईना. शेवटी मी पडद्याकडे पाठ फिरवली, तुझ्याकडे बघितलं आणि ते वाक्य म्हटलं. तू गप्प झालीस. तोच टेक त्यांनी ठेवला. तेव्हा झोप म्हटलं ते तुलाच म्हटलं होतं, एवढं खरं आहे. पण म्हणणारी तुझी आई नव्हती.

तू त्या आवाजाला शांत व्हायचीस, म्हणून घरीही मी तोच काढत राहिले. चार दिवस म्हणून काढला आणि अंगवळणी पडला. तू शाळेत जायला लागल्यावर एकदा वाटलं, आता पुरे, आपलं आपण बोलावं. तोंड उघडलं तर तीच बोलली. माझा स्वतःचा आवाज कसा होता ते आता मला आठवत नाही. समोरासमोर असले की माझा चेहरा असतो, चालून जातं. फोनवर चेहरा नसतो. फोनवर ती बोलते आणि मी ऐकत बसते. मला भीती वाटते, म्हणून फोन नाही.

तुला जे हवं होतं ते मी मोडलं. रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.

तुझीच,
मावशी

ता. १४ मार्च

ती. मावशीस,

शि. सा. न. वि. वि.

रागावले होते. तुझ्यावर नाही. तुझं पत्र वाचून रविवारी गेले आणि पहिला अर्धा भाग कान देऊन ऐकला. ही माझी आई, असं मनाला बजावत बसले. मन काही ऐकेना. आईचा आवाज मला परका वाटला, मावशी. याचं इतकं वाईट वाटलं की मध्यंतरात बाहेर येऊन उभी राहिले. मग आरसा झाला, पिवळा कोट आला आणि मी पुन्हा रडले. माझ्या जिवाने बरोबरच ओळखलं होतं. नाव तेवढं चुकलं होतं.

ऑपरेटरकाकांना पहिलं रीळ सांगितलं आहे. शेवटचं वाक्य मला टेपवर कशाला हवं? ज्या बाईचं ते आहे तिने फोन उचलला की झालं.

शेवटचा खेळ महिन्याच्या अखेरच्या रविवारी आहे. तू येणार आहेस. गुडघ्यांना मी वेगळं पत्र लिहिणार नाही. हे बसस्टँडवर घ्यायला येतील.

वाट बघते.

तुझी,
किरकिरी

ता. २ एप्रिल

चि. किरकिरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. जावईबापूंनाही सांग, गाडी वेळेत मिळाली.

थिएटरातून बाहेर आल्यावर मी काही बोलले नाही आणि संध्याकाळच्या गाडीने तडक निघाले, म्हणून तू घाबरली असशील. घाबरू नकोस. तिथे बोलता येत नव्हतं.

अंधारात बसल्यावर तुझ्या आईचा आवाज आला आणि मी खुर्चीचा हात धरून ठेवला. इतकी वर्षं मी तिला माझ्या तोंडून ऐकत होते, तिच्या तोंडून नाही. किती निराळी होती ती. मी काढते तो आवाज तिचा नव्हेच, तिची आठवण काढून काढून झिजलेलं काहीतरी आहे. मग तू माझ्या कानाशी कुजबुजलीस की बघ, ही खिडकीतली मुलगी. मी ऐकलं. मनात म्हटलं, किती बारीक आवाज, कुणाची पोर असेल बिचारी.

ती पुढचं वाक्य बोलायच्या आधी एक छोटा श्वास घेते. तो श्वास मी घरी बसून तीन दिवस आठवत होते. वाक्य सुरू करायच्या आधी मी असा श्वास घ्यायचे, आणि तुझी आई मला त्यावरून रागवायची. म्हणायची, माईकला तुझी भीती कळते. अशी एकेका वाक्याची माणसं आम्ही दोघींत वाटून घ्यायचो. त्या दिवशी खिडकीतली माझ्या वाट्याला आली असणार. तू मला जानेवारीत विचारलंस ती मुलगी कोण. ती मी आहे, किरकिरी. तो माझा आवाज आहे.

काल स्वयंपाकघरात उभी राहून ते वाक्य म्हणून बघितलं. जमलं नाही. तू म्हणतेस तसं गोल निघालं.

ती टेप तुझ्याजवळच ठेव. पण उद्या सकाळी मी फोन करणार आहे. मी बोलणार नाही. तू फक्त टेप लाव आणि रिसीव्हर तिच्याजवळ धर. खिडकीतली मुलगी विचारते, तुम्ही कालच आलात ना. आणि तुझी आई तिला म्हणते, मी नाही, माझी बहीण असेल ती. तिथपर्यंत ऐकव. मग मी बोलेन, ज्या आवाजात बोलता येईल त्या आवाजात.

माझ्या हातून जेवढी माया झाली तेवढी तुझीच आहे.

तुझी,
मावशी