फियाटची ओटी

मोनालीताई,

तर शेवटी विकलीच गं आपली फियाट. तुझ्या विदाईसाठी बाबांनी इतके वर्ष जपलेली. तू कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून बाबा तुझं नावच घेत नाहीत. फक्त म्हणून राहिले होते, "आता कायले ठेवाची गाडी?" म्हणून मीच ऑनलाइन टाकली. फोटो काय भारी आले होते यार!

रायपूरहून एक अंकल पाहायला आले. बाबा त्यांना म्हणतात, "इंजन ऑइल पीता है. ब्रेक का भरोसा नहीं." सगळं खोटं! दर संडेला ट्यूनिंग मीच तर करतो. मला राहवलं नाही. म्हटलं, "नहीं अंकल, एकदम मक्खन है," आणि एका सेल्फमध्ये चालू करून दाखवली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा समजलं की त्यांना विकायचीच नव्हती. पण तोवर अंकलनी हात मिळवला होता, आणि बाबा जबान फिरवत नाहीत.

गाडी न्यायला आले तेव्हा आईने पुढच्या सीटवर तांदूळ, नारळ अन् ब्लाउजपीस ठेवला. अंकल हसले, "भाभीजी, ये क्या?"

"ओटी आहे," आई म्हणाली. "घरची पोरगी रिकामी जात नाई."

बाबा आत निघून गेले. अजून जेवले नाहीत.

तुला काही कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली आहे, म्हणून हे लेटर माझ्या बॅगेतच राहणार. तरी सांग ना ताई, मी चूप राहायला पाहिजे होतं का?

तुझाच,
हेमू