पाच पोरी, चार दिवे

रविवार, ६ सप्टेंबर

आज सहावा भाग झाला. चारच्या ठोक्याला फोन आला, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. वसतिगृहात रविवारी चार ते पाच फोन हातात देतात. बाकी सहा दिवस तो कपाटात कुलूपबंद. फोनही कुलपात आणि नातही कुलपातच म्हणायची. पण आज रविवार होता, तेव्हा रडगाणं नको.

भिंगरी म्हणाली, "आजी, टॅब पुढ्यात घेतलास? मी तीन म्हटलं की दाबायचं. घाई करायची नाही." मागच्या रविवारी मी दोनलाच दाबलं होतं. मग काय, माझ्याकडची माणसं आधी मरत होती आणि तिच्याकडची मागून. मी इथे हाय हाय करतेय आणि ती तिकडून विचारतेय, "काय झालं? काय झालं?"

टॅब तिचाच. जाताना सगळे भाग आत भरून माझ्याकडे ठेवून गेली. ती तिकडे संगणकाच्या खोलीत बसून बघते. कार्टून म्हटलं की चिडते. ॲनिमे म्हणायचं. जपानी आहे. बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं पळतात. मी तिसरी पास, तीही बाईंना दया आली म्हणून. मराठी अक्षर जागेवर गप उभं असेल तर वाचते. पळणारं, तेही इंग्रजी — माझ्या बापाच्यानं व्हायचं नाही. म्हणून भिंगरी तिकडून सगळं मराठीत सांगते, दर पोरीचा आवाज वेगळा काढून. चित्रं नसती तरी चाललं असतं मला!

गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. समुद्राकाठचं गाव. रोज संध्याकाळी पाण्यातून काळोख चालत वर येतो, चांगले हातपाय असलेला. पाच पोरींनी तो अडवायचा. दिवा छातीशी धरला की त्यांचे कपडे बदलतात, झालरी लागतात, केसांना रिबिनी येतात आणि अंगात दहा माणसांचं बळ. कुणालाही वाटेल लहान मुलांचं आहे. पण दिवे चारच आणि पोरी पाच. रोज एकीनं दिव्याशिवाय काळोखात उभं राहायचं. कुणी, ते त्यांनीच ठरवायचं. दिवे वाटायला एक बगळा आहे. "मी कुणावर सक्ती करत नाही," म्हणतो मेला. इतका गोड बोलतो की थोबाडीत द्यावीशी वाटते. ढोंगी बगळे जपानातही असतात म्हणजे.

तिसऱ्या भागात जाडी, हसरी पोर गेली ती परत आलीच नाही. मला वाटलं, चला, वाईट झालं पण आता उरलेल्या चौघींना चार दिवे पुरतील. तर बगळ्यानं एक दिवा काढून घेतला. चौघींना तीन. बघा म्हणजे.

मला निळी आवडते. केस निळे, चाल ताठ, बोलणं एक घाव दोन तुकडे. आमच्या भिंगरीसारखीच. आणि छोटी. तिला बघितलं की जीव तुटतो.

बुधवार, ९ सप्टेंबर

घर खायला उठतं असं लोक म्हणतात. माझं खात नाही, नुसतं बघतं. ग्लासात तिचा दात घासायचा ब्रश आहे. केस पिंजारलेले, दांडा चावलेला. टाकवत नाही.

सून गेली तेव्हा भिंगरी चार वर्षांची. मुलगा बोटीवर मिस्त्री, आठ आठ महिने समुद्रात. पोरीला मीच वाढवलं. आता तेरावं लागलं तर मुलगा म्हणतो, "तुझ्याकडे राहून ती म्हातारी होईल आई. चार मुलींत राहू दे." नेऊन सोडलं. तीन महिने झाले. तिथलं काही सांगत नाही. कशी आहेस विचारलं तर "बरी". जेवण? "बरं." मैत्रिणी? "आहेत." तार करतात तसं बोलते. गोष्ट सुरू झाली की मात्र तोंडाचा पट्टा सुरू!

चार मुलींत राहणं मलाही ठाऊक आहे. एकतीस वर्षं साबणाच्या कारखान्यात वड्या गुंडाळल्या मी. आमच्या खात्यात रीतच होती, नवी पोर आली की महिनाभर तिच्याशी बोलायचं नाही. तिचं स्टूल लपवायचं. मी नवी होते तेव्हा मीही उभ्यानं गुंडाळलं, पाय असे सुजायचे. मग वर्षभरानं मीच स्टूल लपवण्यात पटाईत झाले. हसून हसून पोट दुखायचं. एक पोर तर आठव्या दिवशी गेली ती आलीच नाही. नाकीडोळी छान होती. त्या साबणाचा वास मात्र अजून कुठे आला की बरं वाटतं.

आज बुधवारच आहे फक्त.

रविवार, १३ सप्टेंबर

सातवा भाग. फार चटका लावून गेला.

चौघी धक्क्यावर उभ्या राहून समुद्राकडे बघतायत. छोटी काहीतरी बोलली. भिंगरीनं तिचा बारीक आवाज काढला, "काल मला त्यांनी खोलीत घेतलं नाही. मी जिन्यावर झोपले."

मी म्हटलं, "जिना कुठाय? मला तर पाणीच दिसतंय."

"अगं, ती नुसती सांगतेय. जिना मागे राहिला."

"पांघरूण तरी दिलं का तिला?"

"नाही. तिनं स्वेटर काढला आणि त्याच्या बाह्यांत पाय घातले. दोन बाह्या, दोन पाय. सकाळी घंटा व्हायच्या आत उठून बसली, कुणाला कळू नये म्हणून."

काय डोकं आहे लिहिणाऱ्याचं! बाह्यांत पाय. हे खुर्चीत बसून सुचत नाही, कुणीतरी केलेलं असलं पाहिजे. मी म्हटलं तसं. ती म्हणाली, "हं."

मग पाच वाजले.

सोमवार, १४ सप्टेंबर

दिवसभर त्या छोटीचे पाय डोळ्यांपुढे. भिंगरीचा जुना स्वेटर काढून बघितला. माझे नाही मावले.

रविवार, २० सप्टेंबर

आठवा भाग. आज माझं काहीतरी चुकलं आणि काय ते कळत नाही.

खोलीची कडी आतून कोण लावतं ते आज समजलं. निळी! मी तर हबकलेच. चित्रात ती नुसती दिवा पुसत बसली होती, पण भिंगरी म्हणाली, ती मनातलं बोलतेय. "छोटी दार वाजवते. दोनदाच वाजवते, हळू. मी जागी असते. मी उठत नाही."

मग भिंगरीनं स्वतःच्या आवाजात विचारलं, "आजी, तुला निळी आवडायची ना?"

"आवडायची. आता नाही."

"ती मनातून वाईट नाहीये. चौघींत ती वेणीवाली आहे ना, तिनं सांगितलं म्हणून लावते ती. नाही लावली तर उद्या तिलाच बाहेर काढतील."

"मग काढू देत. एक रात्र जिन्यावर काढली तर मरते का? भित्री मेली. असली माझ्या दारात आली तर पाणीसुद्धा विचारणार नाही मी."

तिकडे खुर्ची सरकली.

"आजी, गोष्ट आहे ती."

"गोष्ट असली म्हणून काय झालं? कडी ती कडी."

"बाई बोलावतायत," म्हणाली आणि ठेवला. घड्याळात चार पस्तीस. भाग अर्धाच झाला होता. उरलेला मी एकटीनं बघितला, मुक्याचा सिनेमा. छोटी कुठे पळत होती, का पळत होती, देव जाणे.

रविवार, २७ सप्टेंबर

तीनपासून टॅब मांडीवर घेऊन बसले. चार वाजले. सव्वाचार. साडेचार. शेवटी वसतिगृहाच्या कचेरीत फोन लावला. कारकून म्हणाला, "आजी, तिला बोलवायला गेलो होतो. आज बोलायचं नाही म्हणाली. अभ्यास असेल."

अभ्यास. भिंगरीला. रविवारी.

पाच वाजता टॅब तिच्या उशीवर ठेवला.

मंगळवार, २९ सप्टेंबर

ठरवलं, आपणच अक्षरं शिकायची. तिनं फोन केला की म्हणायचं, बघ, नववा भाग मी वाचून दाखवते! आधी डोळ्यांची सोय. कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे गेले, टॅब घेऊन.

त्यानं भिंतीवरची पाटी वाचायला लावली. मी म्हटलं, "ह्या पाटीशी मला काय करायचंय? पाटी जागेवरच आहे. मला पळतं ते वाचायचंय." आणि टॅब पुढे केला. तो म्हणाला, "चाळीस वर्षं दुकान टाकून बसलोय, असं गिऱ्हाईक नाही बघितलं." पण माणूस भला. काचा बदलत गेला आणि मला विचारत गेला, आता ठळक दिसतं? आता? मी म्हटलं, "ठळक दिसतंय, पण म्हणतायत काय? हा सातवा भाग आहे, मला पाठ आहे. तुम्ही वाचा, मी जुळवून बघते."

तो वाचून मराठीत सांगायला लागला. छोटी म्हणते, "भरतीला अजून दोन तास आहेत." निळी म्हणते, "आज वारा पडलाय." छोटी म्हणते, "माझं बटण तुटलं."

मी म्हटलं, "आणि जिना?"

"जिना नाही काही."

"स्वेटर? बाह्यांत पाय?"

"बटण आहे एक. स्वेटर नाही."

"नीट वाचा हो."

"आजी, चष्म्याचं दुकान माझं आहे."

आठवा लावला. निळी दिवा पुसतेय. तिच्या तोंडी आहे, "काच तडकली तर उजेड सांडतो." बस. कडी नाही. दार नाही. दोनदा वाजवणं नाही. मी दोन्ही भाग पुन्हा लावायला लावले. बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळली. त्यानं त्यांना बसवलं आणि मला पाणी दिलं.

जिना, स्वेटर, सकाळची घंटा. कुणीतरी केलेलं असलं पाहिजे, मीच म्हटलं होतं. माझी पोर तीन महिने जिन्यावर निजतेय आणि मी इथं लिहिणाऱ्याचं कौतुक करतेय.

बुधवार, ३० सप्टेंबर

मुलाचा बंदरावरून फोन. सगळं सांगितलं. म्हणतो, "आई, तू कार्टून बघून वसतिगृहाशी भांडायला निघालीस का?"

"ॲनिमे."

"तेच ते. पोरींचं चालायचंच असं. पाण्यात टाकल्याशिवाय पोहायला येत नाही."

मी म्हटलं, "टाकणारा काठावर तरी उभा असतो. तू उंटावरून शेळ्या हाकतोस, तेही बोटीत बसून."

तो मग म्हणाला, "तिनं मला का नाही सांगितलं?" त्याला काय सांगू? मलाही कुठे सांगितलं. एका जपानी पोरीच्या तोंडून सांगितलं, आणि मी म्हणत होते जिना दिसत नाही.

शेवटी म्हणाला, "घेऊन ये."

शनिवार, ३ ऑक्टोबर

तिची खोली झाडली. गादीला ऊन दिलं. कपाटातला वरचा कप्पा रिकामा केला, आता तिचे कपडे लांब झाले असतील. गोधडी पिशवीत घातली. बसमध्ये दोघींच्या पायांवर घेता येईल. सकाळी सातची बस, दुपारी दोनला पोचते.

तीन महिने हुंदका आला नाही, तो आज उशीचा अभ्रा चढवताना आला. आनंदाचाच होता. उद्या ह्या वेळी ती इथं — पुढचं लिहीत नाही, नजर लागते.

रविवार, ४ ऑक्टोबर

घरी नाही. वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत लिहितेय.

मला बघून भिंगरी पळत आली नाही. दारातच उभी राहिली. बोटभर उंच झालीय. मी म्हटलं, "सगळं कळलंय मला. सामान बांध. छोटीला न्यायला आलेय मी."

ती म्हणाली, "आजी, छोटी मी नाही. कडी मी लावते."

तिनं मान खाली घातली नाही, माझ्याकडेच बघत राहिली. मी पिशवीतून गोधडी काढली आणि विचारलं, ती पोर कुठाय? भिंगरीनं जिन्याकडे बोट केलं.

म्हटलं, चल. पुढे तू हो.