अटीची कालवड

लिंकन, २८ मार्च

ती. ब्लांच आत्यास,
लिबीचा शि. सा. न. वि. वि.

घशाची शस्त्रक्रिया नीट झाल्याचं बाबांनी कळवलं. सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. बाबा म्हणतात, गावातली गुरं पहिल्यांदाच शांत झोपली. तीस वर्षं दर गुरुवारी तू त्यांचा लिलाव पुकारलास. त्यांनाही सुट्टी हवीच. फोन बंद, म्हणून पत्र. मला हे आवडलंय. तुला मधेच तोडता येत नाही.

आता माझं. कायद्याच्या दोन कॉलेजांनी बोलावलंय. टेकडीवरचं अर्धी फी माफ करतं, अट नाही. नदीकाठचं, म्हणजे मला पहिल्यापासून हवं आहे ते, सगळी फी माफ करतं. फक्त पहिल्या वर्षी वर्गाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे पहिल्या तेहतीस टक्क्यांत, यायचं. नाही आलं तर माफी संपली. तिसरा रस्ता म्हणजे दोघांना नाही म्हणायचं, प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यायची आणि पुढल्या वर्षी नव्याने अर्ज करायचा. एक मेपर्यंत कळवायचंय.

पुढल्या वर्षावर गेलं तर मी घरी येईन आणि गुरुवारचा माईक सांभाळीन. तुला मदत, मला अभ्यास.

लोभ आहेच, तो घशाबरोबर बसू देऊ नकोस.
तुझी लिबी

*

ब्रोकन फोर्क, २ एप्रिल

चि. लिबीस,
अनेक आशीर्वाद.

आधी माझा घसा तुझ्या तीन रस्त्यांतून बाजूला काढ.

माईक शेजारच्या तालुक्यातल्या डुएनकडे दिलाय. तो लिलाव पुकारतो की कुणाला पुरतो, कळत नाही. मागच्या गुरुवारी एका बैलाला बोली लागेपर्यंत दोघांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या होत्या. मी शेजारी बसून दात-ओठ खाते. तेवढं डॉक्टरांनी मना केलेलं नाही.

नदीकाठच्यांना एकच विचार: ही माफी वर्गातल्या किती जणांना दिलीत? कालवड फुकट घेऊन जा, फक्त गाभण राहिली नाही तर पूर्ण किंमत मोजा, असं सांगणारी माणसं मी रिंगणात पुष्कळ पाहिली आहेत.

आणि भिंतीवरून बोली घे. समोरचं गिऱ्हाईक अडलं की आमच्यातले काही जण मागच्या भिंतीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, तिकडून जास्त आली. तिकडे कुणी नसतं. तू सांगून टाक की तिसऱ्या एका कॉलेजाने बिनअटीची माफी दिलीय. मी स्वतः असलं कधी केलेलं नाही. निदान डुएनच्या देखत नाही.

सोबत खसखशीचे कोलाचे. लगेच खा, हे पाव उद्यावर टाकले की पाटावरवंट्याला भारी होतात.

तुझ्या बापाला सांग, गुरं माझी आठवण काढतात.
तुझी आत्या

*

लिंकन, ९ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

विचारलं. चारांतल्या तिघांना दिलीय. म्हणजे पाऊण वर्ग वरच्या तिसऱ्या हिश्शात बसवायचाय. पलीकडच्या बाई म्हणाल्या, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. मी म्हटलं, माझी आत्या गुरं विकते. त्यावर त्यांनी फोन दुसऱ्या कुणाकडे तरी जोडला आणि तो कुणी उचललाच नाही.

भिंत नको. वकिलीची सनद देताना चारित्र्याची चौकशी होते, ओळखीच्यांना विचारतात. ते तुझ्याकडेच येतील आणि तू सगळं सांगशील, तेही माईकवरून.

मी सरळ लिहिलंय: अट काढा, मी येते. उत्तर नाही. टेकडीवरच्या उरलेल्या अर्ध्या फीचं कर्ज काढायचा धीर होत नाही. म्हणून पुढलं वर्षच बरं.

खरं सांगू? मला खालच्या दोन हिश्शांची भीती वाटते. गावच्या शाळेत अकरा मुलांत पहिली येणं वेगळं. घरी माईक धरला तर निदान माझा नंबर कुणी काढणार नाही.

राग असावा, पण थोडका.
लिबी

*

ब्रोकन फोर्क, १४ एप्रिल

चि. लिबीस आशीर्वाद.

भाव पटला नाही तर जनावर घरी न्यावं, त्यात लाज नाही. वर्षभर चांगल्या कुरणात सोडलेली कालवड अंग धरून परत येते. हे मीच लोकांना सांगते. पण तू कुरणात जाणार नाहीस. माझ्या गोठ्यात उभी राहशील आणि माझीच वैरण खाशील. पुढच्या वर्षी रिंगणात आणली की पहिला माणूस विचारेल, हिला झालं काय होतं?

परीक्षा द्यायचीच असेल तर तिथे राहून दे. इथे जागा नाही. काल डुएनने विचारलं की पुढच्या वसंतापर्यंत माईक त्याच्याकडेच राहू दे का. माझी मान हलली. आमच्या धंद्यात मान हलली म्हणजे सौदा झाला. मानेवर माशी बसली होती असं मी सांगितलं असतं, पण बोलायची बंदी आहे.

गंमत ऐक. मग त्याने मजुरी सांगितली. मी नुसती बघत राहिले. त्याने ती आपणहून दोनदा उतरवली. तीस वर्षं मी उगाच ओरडले.

आत्या

*

लिंकन, २४ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

नदीकाठच्या कॉलेजातून फोन आला. नेमका तुझा शेवटचा कोलाचे माझ्या तोंडात होता. तीन आठवड्यांचा. चावता येईना, थुंकवेना.

ते गृहस्थ म्हणाले, अट सगळ्यांना सारखीच असते. मी चावत होते. मग म्हणाले, वरच्या तिसऱ्याऐवजी वरचा अर्धा हिस्सा चालेल. खसखस दाढेत अडकली. त्यांनी विचारलं, ऐकताय ना? मी हुंकार दिला. बराच वेळ कागदांची सळसळ ऐकू आली. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, नापास झाला नाहीत म्हणजे पुरे, लेखी पाठवतो. तेवढ्यात घास उतरला आणि मी आभार मानले. तुम्ही फार कठोर आहात, असं ते म्हणाले.

आत्या, हे चौकशीत सांगावं लागेल का?

कागद आला. अट गेली. भीती मात्र जागेवरच आहे. तरी आज सकाळी सही केली. पाकीट पेटीत टाकताना हात थरथरला. आपल्यात हात हलला म्हणजे बोलीच ना?

लिबी

*

ब्रोकन फोर्क, २८ एप्रिल

चि. लिबीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक जास्तीचा.

बोलीच. थरथरत्या हातांच्या बोल्या मी जन्मभर धरत आले. त्या लावणाऱ्यांतल्या कुणीही जनावर उपाशी ठेवलं नाही. खाण्याच्या पदार्थाबद्दल चौकशीला कुणी आलं तर माझ्याकडे पाठव.

सोमवारपासून डॉक्टरांनी मला रोज एक शब्द मंजूर केलाय. पहिला कुणाला मिळणार यावर बाजारात पैजा लागल्यात. डुएन म्हणतो, त्यालाच. आणि तो कुठला असेल हे त्याला बरोबर माहीत आहे. पण त्याला मंगळवारचा देईन. सोमवारचा तुझा.

सकाळी आठला फोन करते. तेव्हा तुझं तोंड रिकामं असावं, ही विनंती.

लोभ आहे. बिनअटीचा.
तुझी आत्या