बाबांना दिलेलं चुकीचं उत्तर

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मी अजून त्या एका दुपारपाशी अडकून पडले आहे. काल चर्चचे पाळक घरी आले होते. माझे शुक्रवारचे कडक उपास, रविवारी उपासनेनंतर इस्पितळात डबे वाटणं, सगळं ऐकून म्हणाले, "बाई, हे कशासाठी? तारण तर प्रभूच्या कृपेनं मिळून चुकलंय." मी चहा गाळत राहिले. त्यांना काय सांगणार, की हे सगळं मी भीतीपोटी करते.

पाळक म्हणतात तेच दहाव्या वर्षी तुम्ही मला शिकवलं होतं. दाना ओली मोहल्ल्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, साबुदाण्याची खिचडी व्हायची. आजोबांनी धर्म बदलला, उपासाचं खाणं मात्र पूर्वजांबरोबर दक्षिणेतून, मराठी मुलखातून आलं तेच राहिलं. त्या वर्षी मी तीही खाल्ली नाही, पाणीसुद्धा प्यायले नाही, म्हणजे प्रभू मला नक्की स्वर्गात घेईल. संध्याकाळी चक्कर येऊन पडले. तुम्ही दवाखान्यातून, कंपाउंडरचा पांढरा कोट तसाच अंगावर, धावत आलात आणि घास भरवता भरवता रागावलात, "उपाशी राहून काय मिळवणार आहेस? त्यानं दिलंय, बेटा. फक्त विश्वास ठेवायचा न."

आणि मग ती दुपार. तुम्ही खाटेवर आहात, ओठ सुकलेत, माझं मनगट धरून विचारता, "बेटा, प्रभू मला घेईल न? पक्कं?" जन्मभर दुसऱ्यांना खात्री देणारा माणूस, लहान मुलासारखा घाबरलेला. मी म्हणते, "टेन्शन नका घेऊ बाबा. किती लोकांची सेवा केली तुम्ही. कोणाला दारातून परत नाही पाठवलं. तुम्हाला नाही घेणार तर कोणाला?" तुम्ही मनगट सोडलंत. "ते तर फार कमी आहे," म्हणालात आणि भिंतीकडे तोंड केलंत. चार वाजता गेलात.

तेव्हापासून मी राबते आहे, तुमच्या वाट्याचंही, वेड्यासारखी, आणि एकही दिवस पुरेसं वाटत नाही. त्या दुपारचं ऐकून पाळक म्हणतात, तुमचा विश्वास माझ्या एका बोलण्यानं पुसला जाणार नाही. मला ते पटावं असं फार वाटतं, पण पटत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? त्या दुपारी गडबडीत बरोबर उत्तर सुचलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं तर सुचलं होतं, बाबा. प्रभूवर भिस्त ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. माझीच नव्हती, म्हणून म्हटलं नाही.