फळ्यावर काढलेलं आपलं घर

ती. बाबा,

नमस्कार. पाकिटावर तुमचंच नाव आहे, तेव्हा आईकडे देऊ नका.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. बढतीचा अर्ज मात्र तिसऱ्यांदा परत आला. एकमेकांशी अबोला धरलेली कुटुंबं मी समोरासमोर बसवून बोलती करते, त्यावर समितीचा शेरा काय, तर "ही समाजसेवा आहे, संशोधन नव्हे." सात वर्षं घासून हे ऐकायचं! डोकंच फिरलं.

त्याच तिरमिरीत वर्गावर गेले. घरात कोण कोणाशी बोलतं, याचा नकाशा शिकवायचा होता. फळ्यावर आपलंच घर काढलं. पुरुष चौकोन, बाई गोल, बोलणं म्हणजे रेघ. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्यापासून वडिलांपर्यंत रेघच नाही. सगळं आईवरून जातं."

मी तास संपायच्या आधीच फळा पुसून टाकला.

तुमचा गुडघा दुखतो, हेसुद्धा मला आईकडून कळलं. आता कसा आहे?

अर्जाचं आईला अजून सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय. रविवारी फोन करीन. तुम्ही उचलाल आणि नेहमीसारखं "थांब, आईला देतो" म्हणाल.

या वेळी देऊ नका.

तुमचीच,
तापट धाकटी