कासवाभोवतीची दोरी

मंगळवार, दिवेलागण

आज हिनं दिवसभरात काहीच खाल्लं नाही. दोष माझाच आहे.

हिची स्मरणशक्ती गेल्यापासून ही घरात घास घेत नाही. फक्त बागेतल्या दगडी कासवाच्या पाठीवर बसली की दहीभात खाते. ते शिल्प लोकांनी बसावं म्हणूनच केलेलं आहे. पाठ उन्हानं छान कोमट असते. पण पोरंपोरी तिथं तासन्‌तास बसतात, उठत नाहीत. म्हणून मी गेल्या आठवड्यात बागेच्या ऑफिसात अर्ज दिला. शाळा सातवीपर्यंतच, पण अर्ज मला जमतो. 'लोक कासवावर बूट ठेवून बसतात, योग्य तो बंदोबस्त व्हावा.' झाला बंदोबस्त. आज कासवाभोवती दोरी आणि पाटी, 'शिल्पावर बसू नये.'

रखवालदाराला हात जोडले. "हिला पाच मिनिटं बसू द्या हो."

"आजोबा, तक्रार तुमचीच ना? सही केवढी ठसठशीत केलीय!"

"मग अर्ज मागं घेतो."

"घ्या की. साहेब सोमवारी येतात."

सोमवारपर्यंत ही काय खाणार? घरी येऊन उशी उन्हात तापवली, तिच्यावर बसवलं. तोंड घट्ट मिटलेलं. उशी लगेच निवते, कासव निवत नाही. का लिहिला मी तो अर्ज? कुणी सांगितलं होतं?

बागेतून निघताना ही दोरी धरून उभी राहिली होती. किती दिवसांनी सरळ माझ्याकडे बघून बोलली, "अहो, कुणा मेल्यानं बांधली ही?"

मी म्हणालो, "माहीत नाही गं."