पहिली सही

वुडलँड्स, सिंगापूर
९ जुलै

सरूताई,

"तुझ्या कंपनीनं माझ्या पोराला तिकडे ढकललं," एवढं म्हणून तू फोन ठेवलास. त्यानंतर मी चार वेळा लावला. उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितो. नमस्कार राहिलाच होता, तो इथे घे.

सारंगचं जहाज त्या बंदरापासून बारा मैलांवर उभं आहे. आज बावीस दिवस झाले. आत गव्हाचं पीठ आहे. शहर बंडखोरांकडे आहे आणि सरकारी युद्धनौका समुद्राची बाजू अडवून बसल्या आहेत. तू विचारलंस, पिठाची कसली भीती? ताई, भीती पिठाचीच आहे. सरकारला शहरावर चालून जायचं नाही. आतली पोती संपायची वाट बघायची आहे.

परवा एक जहाज न थांबता पुढे गेलं. त्याच्यावर गोळे टाकले. ते सारंगचं नव्हतं.

तांजोंग पगारच्या ऑफिसात माझ्या पडद्यावर सारंगचं जहाज म्हणजे एक हिरवा ठिपका. तासातासाला बघतो. डबा घेऊन खाली उतरतो, न उघडता वर येतो. घरी गार्गी म्हणते, "अहो, बसा जरा." बसतो. परत उठतो.

इथवरचं तुला फोनवर सांगितलं होतं. पुढचं नाही.

युद्धाच्या पाण्यात जायला नकार देण्याचा खलाशाला हक्क असतो. जाणार असेल तर त्याची लेखी संमती लागते. त्या सह्या घेणाऱ्या कंपनीच्या माणसाने, म्हणजे मी, आग्रह करायचा नाही, असा नियम आहे.

जहाज इथे थांबलं तेव्हा सारंग घरी जेवायला आला होता. पानावरच म्हणाला, "मामा, मला इथंच उतरव ना. मन घेत नाही."

मी म्हणालो, "बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. तू एकटा राहिलायस. आईला काय सांगू, लेक घाबरला म्हणून?"

तो हसला. "तुझं आपलं काहीतरीच," म्हणाला. हात धुतला आणि मी पुढे केलेल्या कागदावर सही केली.

ताई, तोवर कोणीच सही केली नव्हती. प्रत्येकाचा कागद वेगळा असतो, त्याला कळणार कसं? दुसऱ्या दिवशी जहाजावर गेलो तेव्हा त्याचा कागद मी सगळ्यांत वर ठेवला. साहेबाचा भाचाच जातोय म्हटल्यावर उरलेल्या एकोणीस जणांनी दहा मिनिटांत सह्या केल्या.

कंपनीनं नाही ढकललं.

निशी हे नाव तूच ठेवलं होतंस. या पत्रानंतर निशिकांत म्हणालीस तरी चालेल.

निशी

ता. क. १० जुलै, सकाळ. सारंगचा निरोप आला. जहाज तिथंच आहे. आजपासून पिण्याचं पाणी मोजून मिळणार. शेवटी लिहिलंय, "मामा, सहीचं आईला सांगू नकोस. ती तुझ्याशी बोलायची नाही." पाकीट बंद करून ऑफिसला जाताना पेटीत टाकतो आहे.